उपाशीपोटी चाललं की जास्त चरबी जळते म्हणे

मागच्या महिन्यात पर्वती चढताना आई निम्म्या पायऱ्यांवरच मटकन खाली बसली. तळहाताला दरदरून घाम, बोटं थरथरतायत, बोलताना शब्द अडकतोय. मागून येणाऱ्या एका काकूंनी ग्लुकोजच्या पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली आणि दहा-पंधरा मिनिटांनी ती जरा माणसात आली. आईला डायबिटीस आहे, सकाळची गोळी घेतलेली आणि पोटात काहीच नाही, कारण आमच्या भागातल्या एका जिमच्या ट्रेनरने सांगितलेलं की खाऊन व्यायाम केला तर आधी खाल्लेलंच जळतं, अंगावरची चरबी जशीच्या तशी राहते.

मला याचा खूप राग आलाय आणि म्हणूनच एवढं लिहितेय.

त्या सांगण्यात अर्धं खरं आहे. रात्रभर काही खाल्लेलं नसतं तेव्हा रक्तातलं इन्सुलिन कमी असतं, लिव्हरमधला साखरेचा साठा (भरलेला असला तरी जेमतेम 100 ग्रॅम) बराच उतरलेला असतो, त्यामुळे शरीर चरबीवर जास्त चालतं. केळं खाऊन निघालात तर इन्सुलिन वाढतं आणि तेवढा वेळ चरबी सुटणं मंदावतं. पण एकूण कॅलरी किती जळणार हे ठरतं तुमचं वजन किती, तुम्ही किती वेळ आणि किती जोरात चालला यावर, इंधन बदललं म्हणून रस्ता लांब होत नाही ना! आणि सकाळी तासभर चरबी जास्त जळली तर उरलेल्या दिवसात शरीर बरीचशी भरपाई करून टाकतं.

2014 साली अमेरिकेत ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 तरुण मुलींवर हे करून बघितलं. चार आठवडे, आठवड्यातून तीनदा एकेक तास कार्डिओ, निम्म्या जणी उपाशी, निम्म्या खाऊन, डाएट दोघींकडे सारखंच बेताचं. वजन आणि चरबी दोन्ही गटांत कमी झाली, फरक म्हणावा असा काहीच नाही. इंग्लंडमधल्या बाथ युनिव्हर्सिटीने जाड पुरुषांना सहा आठवडे सायकल चालवायला लावली, तेव्हा नाश्त्याआधी करणाऱ्यांची व्यायामातली चरबी जवळपास दुप्पट जळली, इन्सुलिनचं कामही सुधारलं, पण वजनात फरक नाही. म्हणजे उपाशी करण्याचा फायदा अजिबात नाही असं मी म्हणत नाहीये, ज्यांना झेपतं त्यांनी खुशाल करा, माझा भाऊ वर्षानुवर्षं नुसत्या चहावर पळतो आणि मजेत असतो.

पण पाय लटपटत असतील, निम्म्यातच दम संपत असेल तर तुम्ही कमी चालणार, मग कॅलरी पण कमीच जळणार. अर्धं केळं नाहीतर दोन खजूर अर्धा तास आधी खाल्ले तर काही बिघडत नाही. पोह्यांची भरलेली डिश मात्र नको, त्यावर दीड-दोन तास जाऊ द्या.

आणि साखर खाली आणणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर कृपा करून ट्रेनरला नाही, डॉक्टरला विचारा. आमच्या डॉक्टरांनी आईची गोळी नाश्त्याबरोबर घ्यायला सांगितली, निघायच्या आधी साखर तपासायची आणि ग्लुकोज कायम जवळ ठेवायचं. आता तिच्या पंजाबीला मी मुद्दाम खिसा शिवून घेतलाय, त्यात पुडी असते. परवा ती देवळापर्यंत न थांबता गेली, वरून मला फोन केला आणि धापा न टाकता बोलली.