कांदा उत्पादकांसाठी परराष्ट्र धोरणाचे प्राथमिक धडे

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या गावी भरलेल्या एका निर्यात मार्गदर्शन शिबिराचे आम्हां कांदा उत्पादकांना अगत्याचे निमंत्रण होते. गारेगार सभागृहात पडद्यावर जगाचा नकाशा झळकत होता आणि उन्हाळ कांदा व लाल कांदा यांतला फरक ज्यांना शेजाऱ्याला विचारावा लागला, ते मार्गदर्शक आम्हांला "शेतकऱ्याने आता जागतिक विचार करावा, नव्या बाजारपेठा काबीज कराव्यात," असे पुनःपुन्हा बजावत होते. प्रश्नोत्तरांची वेळ झाली तेव्हा जेवणाची वेळ झाली. म्हणून तिथे राहून गेलेले काही धडे येथे विनामूल्य देत आहे.

सर्वप्रथम, रोप टाकण्यापूर्वी विहिरीचे पाणी पाहण्याची जुनाट सवय सोडा आणि पुढच्या निवडणुका कोणत्या महिन्यात आहेत ते पाहा.

दुसरे, कांदा शक्यतो पांढरा आणि शक्यतो गुजरातचा असावा. एप्रिल 2024 मध्ये महाराष्ट्राच्या कांद्याला निर्यातबंदी असताना तिकडच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. त्यावर ओरड होताच सहा देशांना 99,150 टन निर्यातीला मान्यता असल्याचे जाहीर झाले. त्यातली बरीचशी मान्यता आधीच दिलेली होती, ही गोष्ट आनंदाच्या भरात कोणी विचारू नये.

तिसरे, मैत्रीचा अर्थ समजून घ्या. बंदीच्या काळात बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका या देशांना जो कांदा गेला, तो सरकार ते सरकार गेला. त्यासाठीची खरेदी सर्वांत कमी बोलीच्या दराने झाली. मैत्री दिल्लीने करायची आणि तिचा आहेर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-चांदवडने द्यायचा, अशी ही सुटसुटीत विभागणी आहे.

चौथा धडा अधिसूचनांच्या वाचनाचा; तो जरा लांबेल. 19 ऑगस्ट 2023 रोजी कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क बसले. ऑक्टोबरअखेर किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याखाली माल बाहेर पाठवता येत नाही तो दर, टनाला 800 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने किलोला सुमारे 67 रुपये ठरले. हे ठरवताना 31 डिसेंबरपर्यंतची मुदत दिली होती, म्हणून भाबड्या व्यापाऱ्यांनी तेवढी मुदत धरून सौदे केले. पण 7 डिसेंबरच्या अधिसूचनेने निर्यातच बंद झाली. दुसऱ्या दिवशी लासलगावसह नाशिक जिल्ह्यातले लिलाव थांबले आणि चांदवडला मुंबई-आग्रा रस्ता अडला. लाल कांदा चाळीत ठेवून वाट पाहता येत नाही. त्याचा पापुद्रा सुटतो, मानेकडून पाणी सुटते आणि चार दिवसांत खालची गोणी ओली होते. बंदी 31 मार्चपर्यंतच आहे असे सांगितले होते, ती मार्चमध्ये बेमुदत वाढवली. नाशिक-दिंडोरीचे लोकसभेचे मतदान पंधरवड्यावर आले तेव्हा, मे महिन्याच्या सुरुवातीला, ती उठली, तीही 550 डॉलरचे किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. शुल्क शून्यावर यायला 1 एप्रिल 2025 उजाडला. एका पिकाच्या मागे इतके हुकूम, आणि जागतिक विचार मात्र आम्ही शिकायचा!

भाव पडल्यावर मात्र अशी तत्परता दिसत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांद्याचा हिशेब 2 रुपयांच्या धनादेशावर मिटला, त्या रात्री कोणाच्या कार्यालयात दिवा जळत नव्हता.

आणि हे सारे फक्त आमचे रडगाणे आहे, असे समजू नका. 2019 च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन म्हणाल्या की, आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको असे सांगितले आहे, आणि थोडी पूर्वसूचना मिळाली असती तर बरे झाले असते. सभागृह हसले. पुढच्याच वर्षी, 14 सप्टेंबर 2020 रोजी, पुन्हा तसाच अचानक हुकूम निघाला, सीमेवर ट्रक अडकले आणि ढाक्याने लेखी नाराजी कळवली. मग ते पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, जिथून मिळेल तिथून कांदा घेऊ लागले आणि घरचे पीकही वाढवू लागले. आज ते आपले पीक निघाले की आमच्या कांद्याचे आयात परवाने रोखून धरतात, तेव्हा त्यांना कृतघ्न म्हणणाऱ्यांनी या तारखा आधी वाचाव्यात. हे गिऱ्हाईक आम्ही घालवलेले नाही. ते तुम्ही घालवले, साहेब, शहरातल्या भाजीच्या पिशवीतले दहा रुपये वाचवण्यासाठी, आणि वर आम्हांलाच नकाशा दाखवता! भाडेकरूला घर सोडायला सांगतानाही माणूस महिनाभराची मुदत देतो. शुल्क लावा, मूल्य ठरवा, टंचाई खरी असेल तर बंदीही घाला; पण ती महिनाभर आधी आम्हांला आणि घेणाऱ्या देशालाही लेखी कळवा, आणि जी तारीख छापाल ती पाळा.