पाय खाडीत, जीव टांगणीला

मासा हवा असेल तर काठावरून गरी टाकावी, होडीतून टाकावी, नाहीतर सरळ बाजारात जाऊन घासाघीस करावी. आमच्या चिपळुणात हे तीनच मार्ग मान्य आहेत. चौथा मला मोबाईलने दाखवला. एकट्यापुरतं हवेचं आसन फुगवायचं, त्यात बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, पायांत रबरी पंख चढवायचे आणि पाणी मारत फिरायचं. नाव फ्लोट ट्यूब. डिझेल नको, जेटी नको, आणि मुख्य म्हणजे होडीवाल्याची मनधरणी नको. मी तिथेच विरघळलो.

पण घ्यायची कोणती?

गोल, यू आकाराची, व्ही आकाराची, असे तीन प्रकार. गोल म्हणजे मूळची ट्रकची ट्यूब, तिला कापडी खोळ आणि मध्ये बसायला झोळी. आमची अख्खी पिढी अशाच ट्यूबवर पोहायला शिकली, फक्त ती टायरवाल्याकडून फुकट आणलेली असायची. शिवाय गोलात शिरायचं म्हणजे परकर नेसल्यासारखं, आणि बाहेर पडायची घाई झाली की संपलंच. यू पुढून उघडी. व्ही लांबट, टोकदार, पाणी कापत जाते आणि बसणाराही जरा उंचावर राहतो. त्यानंतर आतली पिशवी पीव्हीसीची की युरेथेनची, वरचं कापड ४२० डेनिअरचं की ६००चं, म्हणजे त्याचा धागा किती जाड, असे प्रश्न सुरू झाले. मुलीचं स्थळ बघतानाही आमच्या घरात एवढी चौकशी झाली नव्हती.

वजनाच्या रकान्यात २५० पौंड, म्हणजे ११३ किलो, अशी मर्यादा होती. त्यात माणूस, कपडे, गरी आणि धरलेले मासे सगळं धरायचं. बायकोने मान वर न करता विचारलं, "मासे धरायचे राहिले तर चालतंय ना?"

पुढ्यात एक जाळीदार पडदा येतो आणि त्यावर माशाची लांबी मोजायची पट्टी छापलेली असते. ही सोय कुणाला सुचली कोण जाणे. गरीवाल्याच्या मांडीवर फूटपट्टी ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडालाच कुलूप घालणं. थंड पाण्यासाठी छातीपर्यंतचा निओप्रिनचा, म्हणजे जाड रबरी, पायजमाही सुचवला होता. कोकणात, मे महिन्यात!

शेवटी फोटो घेऊन तात्यांकडे गेलो. तात्या भोई, जन्म दाभोळच्या खाडीत गेलेला. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ न्याहाळला.

"पंख घालून म्होरं जातोस?"

"नाही तात्या, मागे. पाय मारले की पाठीच्या दिशेने जाते."

"म्हंजे कुठं चाललास ता तुला दिसणार नाय."

मग त्यांनी तिथीची पाऊणपट करून त्या दिवसाच्या भरतीची वेळ सांगितली, आणि ओहोटी लागल्यावर मी पाय मारत किती वाजता दाभोळच्या धक्क्याला लागेन याचाही अंदाज दिला. कातळावरची कालवं सुरीसारखी असतात हे सांगून झालं. शिंगाळा मासा वर येताना कल्ल्यांमागचे दोन आणि पाठीवरचा एक असे तीन काटे ताठ करूनच येतो, आणि तू त्याला घेणार कुठे, तर हवा भरलेल्या मांडीवर! इतकं झाल्यावर त्यांनी अगदी सहज विचारलं, "आणि मगरींचा काय?"

हे मात्र माझ्या ध्यानात होतं, फक्त मी ते मनात आणत नव्हतो. आमच्या वाशिष्ठी नदीत मगरी आहेत. लोक पैसे देऊन होडीतून त्या बघायला येतात. होडीतून! कंबरेखालचा भाग पाण्यात लोंबकळत ठेवून कुणी येत नाही.

घरी येऊन माहितीपत्रक पुन्हा वाचलं, तर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, फक्त शांत व स्थिर पाण्यासाठी. आमच्याकडे स्थिर पाणी म्हणजे विरेश्वर तलाव. तिथे मी भर गावात पाठमोरा फिरताना दिसलो असतो, तर संध्याकाळपर्यंत नातेवाईक विचारपूस करायला आले असते.

मी बेत सोडणार एवढ्यात आई पुढे सरसावली. २०२१च्या जुलैत गावात पाणी शिरलं तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक वस्तू ती एकाच नजरेने पारखते. तिचा पहिला प्रश्न, "गॅसची टाकी राहील का ह्यात?" दुसरा, "हवेचे कप्पे किती?" एक फुटला तर दुसरा हवा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. डेनिअर तिने साडीचा पदर तपासावा तसं फोटोवरच तपासलं. व्ही आकार नापास झाला, कारण तो जिन्यात वळणार नाही. रंग मला शेवाळी हवा होता, माशांना दिसू नये म्हणून. बायको म्हणाली, "नारिंगी घ्या. शोधायला बरं पडेल."

यू आकाराची, नारिंगी, दोन कप्प्यांची मागवली आहे. ती माळ्यावर राहणार. पायाने मारायचा पंप मी खाली अडगळीच्या खोलीत ठेवणार होतो. तोही वरच ठेवायचा, हे आईने बजावलं.