तिसरी पेलेट आणि ‘भित्र्याचा लोड’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ठासणीच्या बंदुकीने 200 यार्डांवरच्या हरणावर नेम धरण्याबद्दलचा माझा लेख मिशिगनमधल्या एका वाचकांना अजिबात पटलेला नाही. त्यांनी सविस्तर प्रतिक्रिया लिहिली आहे. उत्तर तिथल्या चौकटीत मावेना, म्हणून इथे स्वतंत्र लिहितो.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मी सुचवलेला लोड, म्हणजे .50 कॅलिबरच्या इनलाइन (नळीच्या सरळ मागून पेटणाऱ्या, आधुनिक ठासणीच्या) बंदुकीत 50 ग्रेनच्या दोन पेलेट (बंदुकीच्या दारूच्या दाबून केलेल्या वड्या) आणि सॅबोत (गोळीभोवतीच्या प्लास्टिकच्या कपात) बसवलेली 250 ग्रेनची गोळी, लांबच्या हरणाला कमी पडतो. माझ्या तक्त्यात 200 यार्डांवर गोळी 14 इंच खाली जाते, त्यांच्या गोळ्यांच्या डब्यावरच्या तक्त्यात जेमतेम सहा. माझ्या गोळीची ऊर्जा तिथे हजार फूट-पाउंडांच्या, म्हणजे हरणासाठी धरल्या जाणाऱ्या किमान आकड्याच्या खाली येते. वाऱ्याचा मी विचार केलेला नाही. आणि मग हे वाक्य: “तिसरी पेलेट टाकायची हिंमत नसेल तर हा भित्र्याचा लोड आहे, भित्र्यांनी 200 यार्डांच्या गप्पा मारू नयेत, इंडियातून येऊन यूट्यूब बघून कोणी शिकारी होत नाही.”

आधी या वाक्याचं बघू. आकड्यांवर कुणीही मला धारेवर धरावं, माझी हरकत नाही. पण ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत, ज्याच्याबरोबर कधी रेंजवर उभे राहिला नाहीत, त्याला भित्रा म्हणायचं आणि वर तो कुठून आला ते काढायचं, ही कुठली पद्धत? हे तुम्ही मराठीत लिहिलंय, म्हणजे तुम्हीही इथे कुठूनतरी आलेलेच आहात. तुमचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त असेल, असू दे. त्या अनुभवातून एक तरी टार्गेट, एक तरी मोजलेला वेग प्रतिक्रियेत आला असता तर मी आनंदाने वाचला असता. आला तो डब्यावरचा तक्ता.

आणि ‘कुठून आलो’ हे विचारलंतच, तर ऐका. माझं गाव कुडाळ तालुक्यातलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि नंतर परत घरी यायची. भाताच्या राखणीला रात्री माचावर बसायचं, रानडुकरं उतरली की नुसता बार काढून पिटाळायची. दारूचं माप म्हणजे बांबूचं एक पेर होतं, आतून घासून गुळगुळीत केलेलं आणि वरच्या काठाला हाताळून काळं पडलेलं. ते भरायचं, बोटाने सपाट करायचं आणि नळीत ओतायचं. काका एकदा बार मोठा व्हावा म्हणून अजून अर्धं माप ओतायला निघाले, तेव्हा आजोबांनी सगळ्यांसमोर त्यांच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि तो हंगाम संपेपर्यंत परत हात लावू दिला नाही. आजोबांना भित्रा म्हणायची आमच्या वाडीत कुणाची छाती नव्हती. मोजून भरलेल्या दारूवरच भरवसा ठेवायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. यूट्यूब फार नंतर आलं.

इथे ओहायोत आल्यावर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, परवाना काढला, आणि विन्टन काउंटीतल्या टेकड्यांमध्ये एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हाताखाली हरणाच्या वाटा वाचायला शिकलो. त्याच्या जमिनीवर जानेवारीतल्या ठासणीच्या हंगामात मी बरीच वर्षं जातोय. तिथली झाडी अशी की शंभर यार्डांच्या पलीकडचं हरीण क्वचितच दिसतं. लांबचा नेम लागतो तो पश्चिम ओहायोत, कापलेल्या मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत. मी दोन्ही ठिकाणी हाच लोड वापरतो आणि दोन्ही ठिकाणी हरणं घरी आणली आहेत.

आता चौदा आणि सहा. तुम्ही हे दोन आकडे शेजारी ठेवलेत आणि मधला फरक तिसऱ्या पेलेटच्या नावावर जमा करून टाकलात. डब्यावर तक्त्याखाली जी बारीक अक्षरातली ओळ असते, ती वाचलीत का? तुमचा तक्ता तीन पेलेटचा आणि 150 यार्डांच्या झिरोचा आहे, म्हणजे त्यात नेम आणि गोळी 150 यार्डांवर बरोबर जुळवलेली आहेत. माझा दोन पेलेटचा आणि 100 यार्डांच्या झिरोचा. माझ्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) दोन पेलेटला वेग 1850 फूट प्रति सेकंदाच्या आसपास येतो. गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट (ती हवा किती सहज कापते त्याचा आकडा) .210, स्कोप (नेम धरायची दुर्बीण) नळीच्या मध्यापासून दीड इंच वर. यावरून 150 यार्डांना साडेचार इंच खाली, 200 ला 14 आणि 250 ला 28.

तीच बंदूक, त्याच दोन पेलेट, फक्त झिरो 150 वर न्या. 100 यार्डांना गोळी तीन इंच वर लागते आणि 200 ला साडेसात इंच खाली. बघा, दारूचा कणही न वाढवता चौदाचे साडेसात झाले. आता टाका तुमची तिसरी पेलेट. माझ्या नळीतून वेग 2000 च्या घरात जातो आणि 200 यार्डांची घसरण सव्वासहा इंचांवर येते. म्हणजे जे जवळजवळ आठ इंच वाचले, त्यातले सहाच्या वर स्कोपचा टरेट (नेम वर-खाली करायची चकती) फिरवून वाचले. ज्या पेलेटसाठी माझी हिंमत काढलीत, तिच्या वाट्याला साधारण सव्वा इंच.

दारू दीडपट केली आणि वेग वाढला आठ टक्के. याचं कारण नळीतच आहे. नळीची लांबी तेवढीच राहते, गोळी बाहेर पडेपर्यंत जेवढी दारू नीट जळेल तेवढीच उपयोगाची. शिवाय दारूलाही वजन असतं. गोळीबरोबर तिचा वायू आणि न जळलेला भागही त्याच जोरावर पुढे ढकलावा लागतो. खांद्याला बसणारा धक्का मात्र आठ टक्क्यांवर थांबत नाही, हे तीन पेलेट टाकून बेंचवर बसलेला कुणीही सांगेल. पुढचा बार काढताना डोळे आपोआप मिटायला लागतात, आणि मिटलेल्या डोळ्यांनी 200 यार्डांवर काहीच साधत नाही.

मी तीन पेलेट टाकून बघितल्या आहेत. माझ्या बंदुकीचं मॅन्युअल परवानगी देतं, म्हणूनच. काही बंदुकांचं देत नाही, त्यांत टाकूच नयेत. रेंजवर बार काढून झाले की मी पुढे जाऊन गवतात पडलेले सॅबो गोळा करतो. दोन पेलेटचे सॅबो चार पाकळ्या सारख्या उमललेले मिळतात, बूड शाबूत. तीन पेलेटच्या सॅबोंचं बूड वितळून खड्डा पडलेलं, एखादी पाकळी मुळापासून तुटलेली, दुसरी पिळलेली. अशा सॅबोने गोळी सरळ सोडलेली नसते. टार्गेटवर तेच दिसलं. दोन पेलेटला 100 यार्डांवर दीड इंचात बसणारा ग्रुप, म्हणजे सगळ्या बारांची भोकं, चार इंचांवर पसरला. 100 ला चार, म्हणजे 200 ला आठ धरा, आणि व्हाइटटेलच्या (इथल्या हरणाच्या) छातीत जिथे गोळी लागायला हवी तो भागच साधारण आठ इंचांचा. वाऱ्याला, धापेला, थरथरणाऱ्या हाताला मग जागा कुठे उरते? तुमच्या बंदुकीला, तुमच्या सॅबोला तिसरी पेलेट मानवत असेलही. कागदावर दाखवा, मी मानेन.

लांबच्या नेमाला खरा दगा देतं ते अंतर. माझ्या झिरोवर 175 यार्डांना गोळी साडेआठ इंच खाली असते आणि 200 ला 14. शेताच्या कडेला संध्याकाळी उभं असलेलं हरीण पंचवीस यार्डांनी चुकीचं जोखलं, तर पाच इंचांचा फरक पडला. तिसऱ्या पेलेटच्या चौपट. म्हणून मी लेखात रेंजफाइंडरवर (अंतर मोजायच्या यंत्रावर) इतकं लिहिलं होतं. त्या भागाबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही.

एक गोष्ट मान्य करतो, कारण ती खरी आहे. तीन पेलेटची ऊर्जा 200 यार्डांना जास्त असते. माझ्या हिशेबाने दोनला 880 फूट-पाउंडांच्या आसपास, तीनला हजाराच्या जरा वर. तुमचं बरोबर. पण हजाराचा आकडा ही एक ढोबळ सवय आहे, हरणाला तो माहीत नसतो. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर फक्त चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकांचा हंगाम असतो. तिथे लोक कापडात गुंडाळलेली शिशाची गोल गोळी ठासून हरणं मारतात, आणि .50 च्या त्या गोळीची ऊर्जा 100 यार्डांनाच पाचशेच्या आसपास आलेली असते. ते जवळून मारतात, गोळी दोन्ही फुप्फुसांतून काढतात, आणि हरीण पडतं. गोळी कुठून गेली आणि आत उमलली (पसरट झाली) का, एवढंच मी बघतो. माझी गोळी 200 यार्डांना साडेबाराशे फूट प्रति सेकंदाने पोचते आणि तिथे ती उमलते, हे मी कातडी सोलताना हाताने बघितलंय.

वाऱ्याबद्दल: दहा मैलांचा आडवा वारा 200 यार्डांना ही गोळी फूटभर ढकलतो. तीन पेलेट टाकल्या तर त्यातला एखादा इंच वाचतो. वारा असेल तर मी लांबचा नेम धरतच नाही, त्यामुळे तक्त्यात त्याचा रकाना नव्हता. विषय संपला.

धूरविरहित रायफलची दारू ‘थोडी मिसळून’ वेग वाढवणाऱ्या मित्राचा उल्लेख तुम्ही प्रतिक्रियेच्या शेवटी कौतुकाने केला आहे. त्याला आजच फोन करा आणि थांबवा. काळ्या दारूच्या दाबासाठी बनवलेली बंदूक त्या दारूने फुटते, आणि फुटते ती तोंडापासून वीतभर अंतरावर. तुमची ही एक ओळ मी प्रतिक्रियेतून काढली आहे. बाकी सगळी तशीच ठेवली आहे, माझ्याबद्दलचं वाक्यसुद्धा.

तुमचं टार्गेट टाकायचं असेल तर एकाच दिवसाचं टाका. दोन पेलेट आणि तीन पेलेट, दोन्हींचे पाच-पाच बार, 200 यार्ड, दोन बारांमध्ये नळी पुसून आणि थंड करून. झिरो किती यार्डांचा ते लिहा. क्रोनोग्राफ नसेल तर क्लबमध्ये कुणाकडे तरी असतो, मागून घ्या. फोटो आला की मी तो माझ्या टार्गेटच्या शेजारी लेखात लावेन. आणि पुढच्या वेळी मला नावानेच हाक मारा, ते लेखाच्या वरच लिहिलेलं आहे.