‘मोठी दुर्बीण म्हणजे घरातली अडगळ’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

आकाशदर्शनाची हौस असलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. कोणी नवख्याने ‘कोणती दुर्बीण घेऊ?’ असे विचारले की तो लगेच पुढे ढकलला जातो. त्याचा आशय असा: हौशी माणसाने ४ इंचांपेक्षा मोठ्या व्यासाच्या आरशाची किंवा भिंगाची दुर्बीण घेऊ नये, कारण ती नेता-आणता येत नाही आणि घरात पडून राहते, शहरात मोठा आरसा दिव्यांचा उजेडच अधिक गोळा करतो, आपल्याकडची हवा ४ इंचांपलीकडे काही दिसूच देत नाही, सुट्या भागांची दुर्बीण दर वेळी जुळवावी लागते आणि ते जाणकारांचे काम आहे, लहान दुर्बिणीतही ५२५ पट मोठे दिसते, आणि ताऱ्यांमागे आपोआप फिरवणारी मोटार नसलेली दुर्बीण म्हणजे खेळणे.

शेवटून दुसरे विधान आधी हातावेगळे करतो, कारण त्यात दम सर्वांत कमी आहे. ५२५ हा आकडा येतो कुठून, तर ७६ मिलिमीटर व्यासाच्या आणि ७०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराच्या) स्वस्त दुर्बिणीच्या खोक्यावरून. सोबत मिळणारे ४ मिलिमीटरचे आयपीस, म्हणजे डोळा लावायचे भिंग, बसवले की १७५ पट होते आणि त्यापुढे विशालन तिप्पट करणारे बार्लो भिंग जोडले की गुणाकार ५२५ भरतो. गुणाकार बरोबर आहे. मात्र दुर्बिणीच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, एवढेच विशालन उपयोगी पडते, म्हणजे या दुर्बिणीची धाव १५० पटींच्या आसपास संपते. त्यापुढे गुरू मोठा होत जातो आणि तितकाच पुसटही होत जातो.

आता मुख्य मुद्दा, ने-आण करण्याचा. हा आरोप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो माझ्याच घरात खरा ठरला होता. माझी पहिली मोठी दुर्बीण १२ इंचांची, अखंड नळीची होती. नळी दीड मीटर लांब आणि वीस किलोंहून जड, खालचा लाकडी बैठकीचा भाग वेगळा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, इमारतीला लिफ्ट नव्हती आणि पायऱ्या ५४ होत्या. नळी खाली न्यायची, ती राखायला कोणाला तरी उभे करायचे, पुन्हा वर येऊन बैठक न्यायची, आणि पहाटे हेच उलट क्रमाने. पहिल्या वर्षात ती चार वेळा बाहेर पडली. उरलेल्या दिवसांत तिच्यावर चादर होती आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे.

तरीही यावरून ‘मोठी दुर्बीण नेता येत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘तेवढी मोठी नळी एका तुकड्यात नेता येत नाही’ एवढाच निघतो. दुर्बिणीतला खरा मोलाचा आणि कमी न करता येणारा भाग म्हणजे आरसा. १० इंच व्यासाचा, साडेतीन सेंटीमीटर जाडीचा बोरोसिलिकेट काचेचा आरसा सुमारे ४ किलोंचा भरतो. १२ इंचांचा, ४ सेंटीमीटर जाडीचा साडेसहा किलोंच्या आसपास. बाकी वजन पत्र्याच्या नळीचे आणि भुशाच्या दाबीव फळ्यांच्या बैठकीचे असते. नळीच्या जागी ॲल्युमिनियमच्या आठ नळ्यांचा सांगाडा आणि फळ्यांच्या जागी चांगले प्लायवूड आले की तोच आरसा निम्म्या वजनात उभा राहतो. १० इंचांच्या हलक्या सांगाडी दुर्बिणी १२ ते १५ किलोंच्या घरात बसतात, आणि आरशाची पेटी दुसऱ्या पेटीत शिरत असल्याने सगळा पसारा मोटारीच्या डिकीत जाऊन मागची सीट माणसांना मोकळी राहते.

माझी आजची १० इंचांची दुर्बीण एका ओळखीच्या सुताराने माझ्या आराखड्यावरून केली. एकूण वजन १७ किलो, पण आकाराइतकाच महत्त्वाचा आकडा वेगळा आहे: तिचा सर्वांत जड तुकडा ९ किलोंचा आहे. ती वर-खाली आणि आडवी फिरते ती सनमायकावर घसरणाऱ्या टेफ्लॉनच्या चकत्यांवर; भोवतीचा काळा कापडी घोळ शिंप्याने शिवून दिला. पहिल्या खेपेला उभारणीला अर्धा तास लागला आणि एक स्क्रू गवतात पडला तो पडलाच. तेव्हापासून सगळे स्क्रू जागेवरून निघणार नाहीत असे अडकवून टाकले आहेत आणि आता बारा मिनिटे पुरतात. दुकानातून तयार घेणाऱ्यानेही ही एक गोष्ट बोटाने चाचपून पाहावी, कारण अंधारात सुटे होणारे पेच हा या दुर्बिणींचा खरा शत्रू आहे.

म्हणून दुर्बीण ठरवण्याआधी एकूण वजन विचारू नये, सर्वांत जड तुकड्याचे वजन विचारावे. तेवढ्या वजनाची तांदळाची पिशवी घेऊन आपल्याच जिन्याने दोनदा चढ-उतार करावी आणि मग पैसे मोजावेत. संदेशाच्या बाजूने दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. एस्टीने किंवा दुचाकीने निरीक्षणाला जाणाऱ्याला मी ८ इंचांच्या वर काही सुचवणार नाही. आणि वजन कमी करण्याच्या नादात सांगाडा फारच हलका केला तर एक किलोचे आयपीस लावताच दुर्बिणीचे नाक झुकते आणि माळावरच्या वाऱ्यात तारे नाचतात. १६ इंचांच्या पुढे, म्हणजे आरसाच १३ किलोंचा होतो तिथे, दोन माणसे आणि मोठी गाडी गृहीत धरावी लागते. ‘एकट्याने हलवता येण्याजोगी मोठी दुर्बीण’ हे वर्णन माझ्या मते १० आणि १२ इंचांनाच नीट लागू पडते.

दुसरे विधान शहरातल्या उजेडाचे. ते इतक्यांदा सांगितले जाते की खरेच वाटू लागते, आणि त्याचा अर्धा भाग खराही आहे. मोठा आरसा आकाशाचा उजेड अधिक गोळा करतो हे बरोबर. पण त्याच प्रमाणात तो तेजोमेघाचा किंवा दीर्घिकेचा प्रकाशही गोळा करतो, त्यामुळे दोहोंमधील तफावत आहे तेवढीच राहते. ४ इंचांच्या दुर्बिणीत १०० पट विशालन ठेवले आणि १० इंचांच्या दुर्बिणीतही १०० पटच ठेवले, तर दुसरीत पार्श्वभूमी सुमारे सहापट उजळ दिसेल, हे खरे. मात्र १० इंचांत विशालन २५० पट केले की पार्श्वभूमी पहिलीइतकीच काळोखी होते आणि पाहायची वस्तू अडीच पट मोठी दिसते. मंद, फिकट डाग ओळखताना डोळ्याला डागाचा आकार फार उपयोगी पडतो. तोच फायदा इथे मिळतो.

ताऱ्यांच्या बाबतीत तर हिशेब आणखी सरळ आहे. तारा बिंदूच राहतो, विशालन वाढवले तरी पसरत नाही, उलट मागचे आकाश काळवंडत जाते. १० इंचांचा आरसा ४ इंचांच्या भिंगापेक्षा सहापटींहून थोडा अधिक प्रकाश गोळा करतो, म्हणजे सुमारे दोन प्रतींनी मंद तारे दाखवतो (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). शौरी तारकासमूहातील एम १३ या बंदिस्त तारकागुच्छातले ठळक तारे १२व्या प्रतीच्या आसपासचे आहेत. उपनगरातल्या गच्चीवरून ४ इंचांत तो धुरकट लोकरीचा गोळा दिसतो. १० इंचांत, दीडशे पटींच्या वर गेल्यावर, त्या गोळ्यावर साखरेचे दाणे उमटू लागतात. चंद्र, गुरू, शनी आणि जोडतारे यांना शहराच्या उजेडाची फारशी बाधाच होत नाही.

मात्र दीर्घिकांच्या बाबतीत मी संदेशकर्त्यापेक्षाही कठोर बोलेन. मोठ्या शहराच्या मधोमध आकाश रानातल्या आकाशापेक्षा वीसपट किंवा त्याहूनही उजळ असू शकते आणि तिथे १० इंचांतूनही एम ५१ ही भोवऱ्यासारखी दीर्घिका म्हणजे दोन पुसट ठिपके असतात. तीच दुर्बीण खरोखरीच्या काळोखात नेली की भोवऱ्यासारख्या भुजा जाणवतात. अंधाऱ्या माळावरची ४ इंची दुर्बीण अशा वस्तूंसाठी शहरातल्या १० इंचीला मागे टाकते हे अगदी खरे. पण यातून लहान दुर्बीण घ्यावी असे निघत नाही, मोठी दुर्बीण माळावर जाईल अशी घ्यावी असे निघते. मुंबईकर हौशी मंडळी वर्षानुवर्षे वांगणीकडे रात्र काढायला जात आली ती याच कारणाने, आणि नागपूरकरांना तर पेंच व्याघ्र प्रकल्प जवळ आहे, ज्याला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

हवेचा मुद्दा. वातावरणाच्या थरथरीमुळे ताऱ्याचे बिंब बऱ्याच रात्री एक ते दोन विकलांएवढे (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फुगते, आणि ४ इंचांच्या दुर्बिणीची सैद्धान्तिक भेदनक्षमता, म्हणजे दोन जवळचे तारे वेगळे दाखवण्याची मर्यादा, १.१ विकला असल्यामुळे ‘पुढे काही मिळत नाही’ असा तर्क लढवला जातो. हा तर्क दोन गोष्टी विसरतो. एक तर हवा रात्रभर सारखी नसते. गुरूकडे वीस मिनिटे डोळा लावून बसले की मधूनच दोन-तीन सेकंद हवा स्थिर होते आणि पट्ट्यांमधले बारकावे लख्ख उमटतात. ते क्षण मोठ्या आरशालाच वापरता येतात. दुसरे म्हणजे ज्याला आपण हवेचा दोष म्हणतो तो पुष्कळदा आरशाचा आणि गच्चीचा असतो. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत असतो, आणि डिकीत तापलेला जाड आरसा स्वतःच्या तोंडासमोर गरम हवेचा पडदा धरतो. संगणकातला १२ व्होल्टचा पंखा आरशामागे बसवून तासभर आधी सुरू केला आणि गच्चीऐवजी मातीवर उभे राहिले की तक्रारीतला मोठा भाग नाहीसा होतो.

ज्यांना एवढ्याने पटणार नाही त्यांच्यासाठी एक फुकटचा प्रयोग आहे. १० इंचांच्या दुर्बिणीच्या तोंडावर बसेल असा पुठ्ठा कापावा आणि त्याला मध्यभागी नव्हे, तर एका बाजूला, दुय्यम आरसा (प्रकाश आयपीसकडे वळवणारा छोटा आरसा) आणि त्याला धरणारी पाती आड येणार नाहीत असे ९ सेंटीमीटरचे भोक पाडावे. दुर्बीण क्षणात साडेतीन इंचांची होते. गुरूवर रोखून पुठ्ठा लावावा, काढावा, पुन्हा लावावा. वाईट हवेच्या रात्री पुठ्ठ्यासह चित्र शांत दिसते, हे मी नाकारत नाही; पण पुठ्ठा काढल्यावर दिसणारे बारकावे पुठ्ठ्यामागे परत सापडत नाहीत. शिवाय हवा अगदीच बिघडली तर मोठ्या दुर्बिणीची लहान करता येते. लहानीची मोठी करणारा पुठ्ठा कोणत्याही दुकानात मिळत नाही.

जुळवणीविषयी थोडक्यात. सांगाडी दुर्बीण दर उभारणीला जुळवावी लागते हे खरे आहे, आणि ‘जाणकारांचे काम’ हे साफ चूक. दुय्यम आरसा आयपीसच्या नळीतून मध्यभागी दिसतो ना हे पाहायचे, आणि मग मुख्य आरशामागचे तीन पेच फिरवत आरशावरच्या मध्यखुणेचे वलय चेशायर या जुळवणीच्या साधनातल्या ठिपक्याशी जुळवायचे. हार्मोनियमच्या भात्याची लय सांभाळण्याइतकेच कौशल्य त्याला लागते. दहा-बारा वर्षांची मुले चौथ्या खेपेला ते बिनचूक करतात. इथे घेताना एकच सावधगिरी हवी. आखूड दुर्बीण गाडीत छान बसते म्हणून एफ ४ चा, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या चौपट असलेला, आरसा घेण्याचा मोह होतो, पण कडेच्या ताऱ्यांना शेपट्या न फुटणारे निर्दोष क्षेत्र एफ-अंकाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. एफ ५ वरून एफ ४ वर येताच ते निम्मे होते, जुळवणीही तितकीच नाजूक होते आणि शेपट्या घालवणाऱ्या सुधारक भिंगाचा खर्च वेगळा. १० इंचांसाठी मी एफ ५ च्या खाली जाणार नाही. पावसाळ्याचे चार महिने आरसा आणि आयपीस सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे लागतात, पण बुरशी ४ इंच आणि १० इंच असा भेद करत नाही.

राहिले ते खेळण्याचे. ज्या साध्या बैठकीला हे विशेषण लावले आहे ती लोकप्रिय करणारे जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात तेवीस वर्षे संन्यासी होते. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून त्यांनी आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या, आणि १९६७ मध्ये मठ सोडावा लागल्यावर पुढच्याच वर्षी रस्त्याच्या कडेला दुर्बिणी मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवणारा गट उभा केला. मोठा आरसा सामान्य माणसाच्या हाती आला तो महागड्या यंत्रणेला अशी कात्री लावल्यामुळे.

मोटारीची गरज किती, हे मोजता येते. आकाश मिनिटाला पाव अंश सरकते. २०० पटींना, ७० अंशांचे दृश्यक्षेत्र असलेल्या आयपीसमध्ये, एक तृतीयांश अंशाचे क्षेत्र दिसते, म्हणजे ग्रह एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे ८० सेकंद घेतो. दर मिनिटाला बोटाने एक हलका धक्का, एवढाच काय तो व्याप. छायाचित्रे काढायची असतील तर मात्र हे सारे विवेचन बाजूला ठेवावे. तिथे ताऱ्यामागे अचूक फिरणारी बैठक हवीच, आणि तिच्यावर लहान अपवर्ती, म्हणजे भिंगाची, दुर्बीणच शोभते. शाळेची चाळीस मुले रांगेत असतील तेव्हाही मोटार उपयोगी पडते. पण विषुववृत्तीय, म्हणजे अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागणारी, बैठक घेणाऱ्याने लक्षात ठेवावे की पुण्यातून ध्रुवतारा जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो आणि पुष्कळ ठिकाणी समोरच्या इमारतीमागे गेलेला असतो.

आमच्याकडच्या लाकडी बैठकीला ध्रुव लागत नाही आणि बॅटरीही लागत नाही. मे महिन्यातल्या अमावास्येला रात्री दहाच्या सुमारास नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा बंदिस्त तारकागुच्छ दक्षिण क्षितिजावर पुण्यातून चोवीस अंशांवर येतो, तेव्हा सांगाडा एका हाताने खाली झुकवायचा, पाटावर बसायचे आणि डोळा लावायचा. ४ इंचांत तोही लोकरीचा गोळाच असतो. १० इंचांत तो आयपीसचे क्षेत्र कडेपर्यंत भरून टाकतो आणि मधोमध तारे मोजायला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.