खुबा बदलल्यावर दुसऱ्या दिवशी चालतात हे खरंय, पण घर आधी तयार करा

खुब्याच्या ऑपरेशनवरच्या लेखात म्हटलंय की खुब्याचा सांधा बदलल्यावर पेशंट दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चालतो, ते खरंय, माझ्या आईलाही जळगावला तसंच उभं केलं होतं. पण कस लागतो तो घरी आल्यावर. आमचं घर अमळनेरकडच्या खेड्यातलं, संडास खाली बसायचा, जेवण जमिनीवर, भाकरी पण आई चुलीपुढे बसूनच थापणार, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की मांडी नाही, उकिडवं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून काही उचलायचं नाही, नाहीतर नवीन सांधा निखळू शकतो. म्हणून सांगते, कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा, पलंग उंच असू द्या, झोपताना दोन्ही पायांमधे उशी.

ओट्यावर शेजारच्या बायांमधे खाली बसता येत नाही याचं आईला फार वाईट वाटायचं, रडली पण एकदोनदा, मग आम्ही तिथे उंच हातांची खुर्चीच ठेवली.

ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या देतात, त्या एकही दिवस चुकवू नका. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. आणि फ्रॅक्चर नसेल, तारीख आपल्या हातात असेल तर हिवाळ्यात करा, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात गुठळी होऊ नये म्हणून दिलेले ते घट्ट लांब मोजे घालून आई नुसती कासावीस व्हायची.