‘गादी सरकली म्हणजे स्ट्राँगमन संपलं’ हे खरं नाही

कमरेच्या दुखापतीनंतर स्ट्राँगमनमध्ये, म्हणजे अवजड वस्तू उचलण्या-वाहण्याच्या ताकदीच्या खेळात, परतू पाहणाऱ्यांना घाबरवणारा एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. महिन्याभरात तो मला चौघांनी पाठवला. त्यातल्या एकानं खाली एवढंच लिहिलं होतं, ‘आता काय करू?’ मजकुराचं म्हणणं असं: मणक्यांमधली सरकलेली गादी कधीच भरून येत नाही, एमआरआयमध्ये ती दिसली की वजन कायमचं बंद, कंबर गेलेला एकही खेळाडू वरच्या पातळीवर परतलेला नाही, योक (खांद्यावर घेऊन चालायची वजनदार चौकट) आणि दगड म्हणजे मणक्याची हमखास नासाडी, आणि तरीही यायचंच असेल तर स्नायूंना सगळं आठवतं, तेव्हा बेल्ट घट्ट आवळा आणि जुन्या वजनाच्या 80 टक्क्यांपासून सुरू करा.

माझी अगदी खालची गादी सरकली तेव्हा कळ डाव्या पोटरीपर्यंत जायची. चार वर्षं स्पर्धेपासून लांब होतो, आता परत उतरतोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गादी भरून येत नाही.’ गादीच्या आतला मऊ भाग बाहेर आला की शरीर त्याला परका समजतं आणि पांढऱ्या पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. 2015 साली या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. गादीचा तुकडा पूर्ण तुटून वेगळा झाला होता अशांपैकी 96 टक्के लोकांमध्ये तो आपोआप ओसरला होता. नुसता बाहेर घुसलेल्यांत हे प्रमाण 70 टक्के होतं, थोडा पुढे आलेल्यांत 41 आणि फक्त फुगवटा असलेल्यांत 13. रिपोर्टमध्ये जे वाचून हातपाय गळतात, त्याच प्रकारात ओसरण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. गादीभोवतीचं फाटलेलं कडं मात्र नव्यासारखं होत नाही, तिथे व्रण राहतो. या मुद्द्यातलं खरं आहे ते इतकंच.

एमआरआयचा मुद्दा मला जास्त टोचतो, कारण मी स्वतः त्या फिल्मकडे बघून दोन वर्षं घाबरून बसलो होतो. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या 3,110 लोकांची चित्रं तपासली होती. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीतल्या 96 टक्के. गादीचा फुगवटा विशीत 30 टक्क्यांना होता, ऐंशीत 84 टक्क्यांना. यातल्या कुणालाच काही दुखत नव्हतं. चित्रात मणका कसा दिसतो ते कळतं, तो किती वजन पेलेल ते कळत नाही. ते पायातली ताकद, संवेदना आणि वजन उचलल्यानंतर शरीर काय सांगतं यावरून ठरवावं लागतं. एक गोष्ट मात्र कुणीही अंगावर काढू नये: मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवी अडली किंवा तिच्यावर ताबा राहिला नाही, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे सरावाचा विचारच नको.

‘एकही खेळाडू परतला नाही’ हे तर सरळ खोटं आहे. अमेरिकेचे पॉवरलिफ्टर ब्रायन कॅरल यांच्या कमरेच्या मणक्यांना आणि त्याखालच्या त्रिकास्थीला तडे गेले होते. मणक्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्यासोबत त्यांनी हालचाल मुळापासून नव्यानं बसवली आणि ऑक्टोबर 2020 मध्ये खास सूट घालून 1,306 पौंडांचं, म्हणजे सुमारे 592 किलोंचं स्क्वॉट (वजन खांद्यांवर घेऊन बसून उठणं) मारलं. स्ट्राँगमनमध्येच बघायचं तर, दुखापत कमरेची नसली तरी, लिथुआनियाच्या झिद्रुनास साविकास यांचे 2001 साली दोन्ही गुडघ्यांखालचे कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) तुटले. पुढच्याच वर्षी ते ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’मध्ये दुसरे आले आणि नंतर चार वेळा जिंकले. आइसलंडच्या हाफ्थोर ब्यॉर्नसन यांनी 2020 मध्ये 501 किलोंचं डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं) केलं, मग खेळ सोडून बॉक्सिंगकडे गेले, 2023 मध्ये त्यांच्या छातीचा स्नायू फाटला, आणि 2025 मध्ये त्यांनी 510 किलो उचलले. ही माणसं आपल्यासारखी नाहीत, मान्य. पण ‘एकही नाही’ म्हणणाऱ्याला एक उदाहरण पुरतं.

आता योक आणि दगड. मजकूर लिहिणाऱ्यानं सगळे प्रकार एकाच दावणीला बांधले आहेत, आणि परतणाऱ्याचं खरं नुकसान इथे होतं. 2009 साली मॅकगिल आणि सहकाऱ्यांनी तीन स्ट्राँगमन खेळाडूंवर मोजमाप केलं होतं. त्यात मणक्यावरचा दाब सर्वांत जास्त योकमध्ये आला. म्हणजे भीती अगदी निराधार नाही. पण त्यात आणखी एक गोष्ट दिसली. योक घेऊन चालताना प्रत्येक पावलाला सगळा भार क्षणभर एका पायावर येतो, तेव्हा खुब्याची ताकद कमी पडते आणि ती तूट कमरेच्या बाजूचे खोल स्नायू भरून काढतात. या स्नायूंना तयार करायला एका हातात वजन घेऊन चालणं फार उपयोगी. म्हणून मी योक खांद्यावर घ्यायच्या आधी तीन महिने एका हातात वजन घेऊन चाललो, एक फेरी डावीकडे, एक उजवीकडे.

दगडाचं वेगळं आहे. अ‍ॅटलस स्टोन, म्हणजे स्पर्धेतला जड गोल दगड, सरळ पाठीनं उचलताच येत नाही. अनुभवी खेळाडू दगडाभोवती स्वतःला गुंडाळून घेतो, म्हणजे दगडाचं ओझं मणक्याच्या जितकं जवळ येईल तितकं आणतो, पाठ त्याच वाकात आवळून धरतो आणि मग उठतो खुब्यातून. धोका असतो तो भार अंगावर असताना वाक बदलण्यात. म्हणून दगड मी सर्वांत शेवटी ठेवला आणि सकाळी कधीच घेतला नाही. रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपण सेंटिमीटरभर तरी उंच असतो, आणि त्या वेळी वाकलं की गादीवर ताण बराच जास्त येतो. संध्याकाळी, हातांना टॅकी हा चिकट लेप लावून, आधी नुसता मांडीपर्यंत दगड घ्यायचा. स्पर्धेतल्यासारखा फलाटावर ठेवायची घाई नाही.

शेवटचा सल्ला सगळ्यांत घातक. 80 टक्के कशाचे? चार वर्षांपूर्वीच्या शरीराचे. ‘स्नायूंना आठवतं’ हे खरं आहे, म्हणूनच तो सल्ला घातक आहे. सरावानं स्नायूपेशींत वाढलेली केंद्रकं खंडातही बरीचशी टिकतात असं मानलं जातं, आणि जुनी ताकद नव्या माणसापेक्षा खूप लवकर परत येते. कंडरे, अस्थिबंध आणि मणक्याच्या कडा मात्र सावकाश जुळवून घेतात. गादीच्या मध्यात तर रक्तवाहिन्याच नसतात. काही आठवड्यांत स्नायू ‘चल, उचल’ म्हणायला लागतात आणि बाकीचं शरीर अजून तिथे पोचलेलं नसतं.

मला हे सहाव्या आठवड्यात कळलं. फार्मर्स वॉकची (दोन्ही हातांत वजन घेऊन चालण्याची) हँडल्स त्या दिवशी इतकी हलकी लागली की मी एकाच दिवशी दोन्ही हातांत वीस-वीस किलो वाढवले. तेव्हा काहीच झालं नाही. छान चाललो, बेल्ट घट्ट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उभ्यानं डाव्या पायात मोजा घालायला गेलो आणि गुडघा वर येईना. पुढचे पाच आठवडे त्यात गेले. बेल्ट पोटाच्या स्नायूंना रेटायला भिंत देतो, पोटातला दाब वाढवतो, त्याचा उपयोग आहेच. पण काल ज्या ऊतींनी भार सोसला त्यांना तो दुरुस्त करत नाही.

तेव्हापासून वजनाचा निर्णय मी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतो. मोजा सहज गेला तर पुढच्या वेळी पाच किलो वाढवायचे, ओढाताण झाली तर तेच वजन, आणि कळ गुडघ्याखाली उतरली तर एक पायरी खाली. डेडलिफ्टमध्ये माझी सुरुवात 60 किलोंपासून झाली.

‘आता काय करू?’ विचारणाऱ्या त्या मुलाला मी इतकंच लिहिलं: आधी डॉक्टरांकडून दोन्ही पायांची ताकद आणि संवेदना तपासून घे. त्यांनी हो म्हटलं की 30 किलोंची वाळूची पिशवी छातीशी धरून 20 मीटर चाल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा कसा घातलास ते मला कळव.