घोडे हरले यात नशीब कुठून आलं?

रविवारचे पोहे चालले होते आणि आमचे जिजाजी म्हणाले, "हे गेम-बिम म्हणजे सगळा नशिबाचा खेळ. बटणं दाबत बसायचं." डोकंच फिरलं. घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसलो, इथे बसणार नाही.

झालं इतकंच की काल रात्री भाच्याने एज ऑफ एम्पायर्स २ या कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या गेममध्ये आपले सगळे नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, टेकडीवरच्या स्पिअरमनांवर, म्हणजे पायी भालेवाल्यांवर, सोडले. मोठ्या दिमाखात! एकही परतला नाही. पोराने माउस आपटला, "मामा, हा गेम चीटिंग करतो!"

डोंबलाचं चीटिंग. सरळ हिशोब आहे. नाइटचा जीव १००, स्पिअरमनचा ४५. भाल्याचा मूळ वार ३ चा, त्यातले २ नाइटचं चिलखतच खातं. उरला १. पण समोर घोडा असला की भाल्याला १५ चा बोनस. झाले १६. वर टेकडी! उंचावरून मारलं की वार पाव पटीने वाढतो, खालून मारलं की तेवढाच घटतो. सपाटीवर सात वार झेलून पडणारा नाइट तिथे पाचातच आडवा. भाचा खालून चढत होता. यात नशीब कुठे बसलंय, जिजाजी?

सपाटीवर एकास एक लढवा, नाइटच जिंकतो. मान्य. पण नाइटला लागतं ६० धान्य नि ७५ सोनं, स्पिअरमनला ३५ धान्य नि २५ लाकूड. एकाच्या खर्चात दोन भालेवाले उभे राहतात, वर सुटे उरतात. सोन्याची खाण आटते तेव्हा कळतं कुणी काय उधळलं ते. (जिजाजींचे शेअर पडले की ते मात्र 'मार्केट'. तिथे नशीब नसतं.)

भाच्यावर राग नाही हो. दुपारी गुपचूप माझ्याकडे आला, "मामा, मग त्यांच्यासमोर पाठवू काय?" धनुर्धारी पाठव राजा, भालेवाले जवळ पोचेपर्यंत निम्मे गळतात. टेकडी मात्र आधी तू धर. ज्याने माउस आपटला त्याच पोराने हे वहीत लिहून घेतलं. एवढं गणितात लिहिलं असतं तर ताईने पेढे वाटले असते.

खटकतं ते एकच. जीव १ उरलेला नाइटसुद्धा १० चाच वार करतो, आणि घोड्याला दाणावैरण लागतच नाही. आपल्या इंदूरकरांना हे कसं पटावं? १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनला राजस्थानातल्या मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पळवलं, ते समोरासमोर वार मोजून नव्हे. इंग्रजांचं धान्य संपलं, नद्या फुगल्या, तोफा चिखलात रुतल्या, आणि होळकरी घोडदळ पाठ सोडेना. असला चिखल नि असली उपासमार कुणी या गेममध्ये आणली, तर मी दसऱ्यापर्यंत जेवायलाही उठणार नाही.